वाचक विचारतात: इव्हँजेलिकल मंडळी, समलिंगी लग्न आणि मतपेटी

मागच्या अंकात सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनच्या ठरावाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. अमेरिकेतला हा सगळ्यात मोठा प्रोटेस्टंट पंथ, जून 2025 मध्ये डॅलसला त्यांचं वार्षिक अधिवेशन झालं आणि समलिंगी लग्नाला देशभर मान्यता देणारा 2015 चा ओबर्गफेल निकाल उलटवावा असा ठराव त्यांनी पास केला. बातमी एवढीच, पण त्यावर इतकी पत्रं आली की ह्या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. बहुतेक पत्रं तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांची आहेत, नावं अर्थातच छापत नाही.

प्रश्न: मी न्यू जर्सीत आयटीत आहे. आमचा टीम लीड पक्का चर्चवाला, रविवार चुकवत नाही, बुधवारी बायबल स्टडी. माणूस एकदम चांगला. टीममधल्या एका मुलाने आपल्या पार्टनरशी लग्न केलं तेव्हा ह्याने भेट दिली, अभिनंदन केलं, पण लग्नाला गेला नाही. विचारलं तर म्हणे "तो मला आवडतो, पण मी त्याला लग्न मानत नाही." हा ढोंगीपणा नाही का?

उत्तर: ढोंगी म्हणायची घाई मी तरी करणार नाही. पोटात एक ओठात एक असतं त्याला ढोंग म्हणतात, ह्याने तर सरळ तोंडावर सांगितलं. इव्हँजेलिकल म्हणजे एक चर्च नाही हे आधी लक्षात घ्या, त्यांना पोप नाही, हेड ऑफिस नाही. बॅप्टिस्ट आहेत, पेंटेकॉस्टल आहेत, प्रेस्बिटेरियनांतले काही आहेत, आणि ज्यांच्या पाटीवर पंथाचं नावसुद्धा नसतं अशी मोठमोठी स्वतंत्र चर्चेस आहेत. डेव्हिड बेबिंग्टन नावाच्या ब्रिटिश इतिहासकाराने 1989 मध्ये त्यांच्या चार खुणा सांगितल्या त्या अजून सगळे वापरतात: बायबल हा शेवटचा शब्द, येशूचं क्रूसावरचं मरण हा श्रद्धेचा गाभा, माणसाचा 'नवा जन्म' व्हायलाच हवा, आणि हे सगळं घरात न ठेवता जगात जाऊन करायचं. ह्या चारात रिपब्लिकन पार्टी कुठेच नाहीये, ती नंतर आली, त्यावर खाली बोलूच.

माझं म्हणणं असं की अशा माणसाला "तू विरोधात आहेस का" असा एकच प्रश्न विचारला की उत्तर अर्धवटच मिळतं. दोन प्रश्न विचारायला हवेत. तुझ्या चर्चमध्ये काय व्हावं? आणि देशाच्या कायद्यात काय असावं? पहिल्यावर बहुतेक गोरे इव्हँजेलिकल ठामपणे सांगतील की लग्न एक पुरुष आणि एक बाईचंच. दुसऱ्यावर मात्र चित्र तितकं सरळ नाही, सर्व्हे बघितले तर त्यांच्यातले साधारण एक तृतीयांश लोक कायद्याने लग्नाला परवानगी असायला हरकत नाही म्हणतात. तुमचा टीम लीड त्यातला असू शकतो, विचारून बघा एकदा.

आणि लग्नाला जायचं की नाही हा त्यांच्यातच मोठा भांडणाचा विषय आहे बरं का. क्लीव्हलंडजवळचे ॲलिस्टर बेग म्हणून मूळचे स्कॉटिश पाळक आहेत, अतिशय जुन्या वळणाचे, रेडिओवर वर्षानुवर्षं ऐकले जाणारे. एका आजीने त्यांना विचारलं की माझा नातू एका ट्रान्सजेंडर व्यक्तीशी लग्न करतोय, जाऊ का? त्यांनी विचारलं, हे तुम्हाला मान्य नाही हे नातवाला माहीत आहे ना? हो म्हणाल्यावर ते म्हणाले मग जा, आणि भेटही न्या. जानेवारी 2024 मध्ये ही मुलाखत फिरायला लागली, गदारोळ झाला आणि अमेरिकन फॅमिली रेडिओने त्यांचा कार्यक्रमच बंद केला. म्हणजे बघा, लग्नाची व्याख्या सगळ्यांची एकच, नुसत्या हजेरीवरून एवढं. तुमच्या टीम लीडने भेट दिली हेसुद्धा त्याच्या चर्चमध्ये सगळ्यांना पटलं असेलच असं नाही.

प्रश्न: हे लोक बायबलच्या लेवीय पुस्तकातलं, पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवू नये हे वचन दाखवतात. त्याच पुस्तकात डुक्कर खाऊ नका, कोळंबी खाऊ नका, दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड घालू नका असंही आहे. मग सोयीचं तेवढंच उचलायचं?

उत्तर: ह्या मुद्द्यावर टाळ्या मिळतात पण वाद जिंकता येत नाही, कारण कुठल्याही शिकलेल्या पाळकाकडे ह्याचं उत्तर तयार असतं. खाण्यापिण्याचे नियम नव्या करारात सुटले, प्रेषितांची कृत्येच्या दहाव्या अध्यायात पेत्राला दर्शन होतं ना तिथे, पण शरीरसंबंधांबद्दलचं पौल ह्या प्रेषिताने रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात आणि करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्यात पुन्हा सांगितलंय, असं ते म्हणतात. देवाने नष्ट केलेल्या सदोम शहराच्या गोष्टीवरही त्यांचे अभ्यासक आता फार भर देत नाहीत, कारण यहेज्केल 16:49 मध्ये सदोमचं पाप म्हणून गर्व आणि गरिबांना हात न देणं हेच सांगितलंय.

खरा पाया वेगळा आहे. उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय, देवाने नर आणि नारी निर्माण केली, पुरुष आईबापाला सोडून बायकोशी जडून राहील आणि ती दोघं एकदेह होतील. मग मत्तय 19 मध्ये येशू नेमकं तेच उद्धृत करतो. मग इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल म्हणतो की नवरा-बायकोचं नातं हे ख्रिस्त आणि मंडळी यांच्या नात्याचं चित्र आहे. म्हणजे त्यांच्या दृष्टीने हा एखाद्या वचनाचा प्रश्नच नाही, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एक गोष्ट चाललीय आणि लग्न त्या गोष्टीतलं मुख्य चित्र आहे. हे समजून न घेता नुसतं कोळंबी कोळंबी केलं तर समोरचा हसतो आणि निघून जातो.

पण मत्तय 19 उघडलाच आहे तर तिथे येशूला प्रश्न काय विचारला होता ते पण वाचा. घटस्फोटाचा! उत्तरही घटस्फोटाबद्दलच आहे, आणि चांगलं कडक आहे. तरी 1980 मध्ये ह्याच मंडळींनी रोनाल्ड रेगनना डोक्यावर घेतलं, जे अमेरिकेचे पहिले घटस्फोटित राष्ट्राध्यक्ष, आणि कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना 1969 मध्ये कारण न दाखवता घटस्फोट देणाऱ्या कायद्यावर सही करणारेही तेच. चर्चमध्ये घटस्फोट घेतलेली, पुन्हा लग्न केलेली जोडपी असतात, त्यांना कोणी उठवत नाही. समलिंगी जोडप्यासाठी मात्र वचन शब्दशः. सोयीचं उचलतात हा तुमचा आरोप मला इथे लागू होतो असं वाटतं, कोळंबीत नाही. आणि गंमत म्हणजे हे त्यांच्यातलेच बरेच पाळक मान्य करतात, घटस्फोटावर आपण गप्प बसलो म्हणून आज कोणी ऐकत नाही असं स्वतःच म्हणतात.

दुसरी बाजूसुद्धा त्यांच्या घरातलीच आहे. डेव्हिड गशी हे इव्हँजेलिकल नीतिशास्त्राचे मोठे प्राध्यापक, 2014 मध्ये त्यांनी मत बदलल्याचं जाहीर केलं. 2015 मध्ये टोनी कँपोलो ह्या नावाजलेल्या प्रचारकाने. मॅथ्यू वाइन्स नावाचा तरुण, स्वतः गे, बायबल मानणारा, त्याने बायबलच्याच आधारावर लग्नाची बाजू मांडली. रिचर्ड हेज हे मेथडिस्ट होते पण इव्हँजेलिकल कॉलेजात त्यांचं 1996 चं पुस्तक विरोधाचा आधार म्हणून शिकवलं जायचं, त्यांनी 2024 मध्ये मुलाबरोबर नवीन पुस्तक लिहून आधीची भूमिका मागे घेतली. ह्यांच्यातले काही जण कृत्ये 10 ते 15 वर बोट ठेवतात: सुंता न झालेल्या, म्हणजे ज्यू नसलेल्या परराष्ट्रीयांवर पवित्र आत्मा उतरलेला डोळ्यांनी बघितला आणि मग सुरुवातीच्या मंडळीने जुना नियम नव्याने वाचला, तर आज तसं का होऊ नये? पौलाच्या दोन ग्रीक शब्दांवरही भरपूर काथ्याकूट आहे, त्यात मी शिरत नाही.

ह्या दोघांच्या मध्ये जे अडकलेत त्यांचं मला जास्त वाईट वाटतं. गे ख्रिश्चनांच्या गप्पांत 'साईड ए' आणि 'साईड बी' असं म्हणतात. ए म्हणजे समलिंगी लग्न देवाला चालतं, बी म्हणजे मी गे आहे हे खरं पण मी ब्रह्मचर्य पाळणार. आता साईड बीच्या माणसाने चर्चची अट शंभर टक्के मानली ना? तरी त्याला सुख नाही. ऑगस्ट 2017 मध्ये इव्हँजेलिकल पुढाऱ्यांचं नॅशव्हिल स्टेटमेंट आलं त्यात स्वतःला गे समजणंसुद्धा देवाच्या इच्छेत बसत नाही असं घातलं. 2018 मध्ये सेंट लुईसच्या एका प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये साईड बीवाल्यांची रिव्हॉइस नावाची परिषद झाली, त्यावरून त्यांच्या पंथात अनेक वर्षं चौकश्या आणि भांडणं चालली आणि शेवटी ते चर्च पंथातून बाहेर पडलं. आयुष्यभर एकटं राहायला तयार झालेल्या माणसाला अजून किती सिद्ध करायला लावणार.

प्रश्न: हा धर्माचा विषय निवडणुकीत आला कसा आणि कधी? आणि आता त्याचं वजन किती उरलंय?

उत्तर: सुरुवात म्हणून 1977 धरतात. फ्लोरिडाच्या डेड काउंटीने समलिंगी लोकांविरुद्ध नोकरी आणि घर देताना भेदभाव करायला बंदी घातली होती, आणि त्याविरुद्ध अनिता ब्रायंट उभी राहिली, गायिका, संत्र्याच्या रसाच्या जाहिरातीतला ओळखीचा चेहरा. 'मुलांना वाचवा' अशा नावाची मोहीम काढली आणि मतदानात तो कायदा मोठ्या फरकाने पाडला. लग्न तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं, पण घाबरवायचं कसं, पत्रं पाठवून पैसे कसे गोळा करायचे, चर्चमधून मतदार कसे बाहेर काढायचे हे सगळं तिथे शिकून झालं. तिच्या मदतीला गेलेल्यांत व्हर्जिनियाचे जेरी फॉलवेल होते, त्यांनी दोन वर्षांनी, 1979 मध्ये, मॉरल मेजॉरिटी ही राजकीय संघटना काढली.

लग्न मैदानात आलं नव्वदीत, हवाईच्या कोर्टात समलिंगी जोडपी लग्नाची केस जिंकतील असं वाटायला लागल्यावर. 1996 मध्ये संसदेने डोमा कायदा केला, केंद्र सरकार फक्त स्त्री-पुरुष लग्नच मानणार, आणि सही कोणाची? बिल क्लिंटनची. हे डेमोक्रॅट लोक सोयीने विसरतात म्हणून मुद्दाम लिहिलं. त्या वर्षी गॅलपच्या सर्व्हेत समलिंगी लग्नाला पाठिंबा होता 27 टक्के, म्हणजे विरोध करायला इव्हँजेलिकल असायची काही गरजच नव्हती.

मग मॅसॅच्युसेट्स. 2003 च्या शेवटी तिथल्या कोर्टाचा समलिंगी लग्नाच्या बाजूने निकाल आणि मे 2004 मध्ये पहिली लग्नं, आणि त्याच नोव्हेंबरमध्ये बुश यांची दुसरी निवडणूक. अकरा राज्यांत त्याच दिवशी समलिंगी लग्नबंदीवर मतदान ठेवलं गेलं आणि अकराच्या अकरा ठिकाणी बंदी पास झाली, ओहायो त्यात होतं जिथे बुश थोडक्यात जिंकले. ह्या बंदीमुळेच ते जिंकले का ह्यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण चर्चमधल्या लोकांना आणि पार्टीलाही आपण एकमेकांना फळतो असं वाटलं आणि ते वाटणं पुढे दहा वर्षं पुरलं. त्यातली कायद्याची मेख पण सांगते, 1954 च्या जॉन्सन दुरुस्तीमुळे टॅक्समाफी असलेल्या चर्चला उमेदवाराचा प्रचार करायला तेव्हा बंदी होती, पण एखाद्या प्रस्तावावर बोलायला मर्यादेत मुभा होती, त्यामुळे "अमक्याला मत द्या" न म्हणता "लग्नाला मत द्या" म्हटलं की झालं. 2008 मध्ये कॅलिफोर्नियातसुद्धा प्रॉप 8 ह्या मतदानाला टाकलेल्या प्रस्तावाने बंदी आली, ज्या दिवशी तिथे ओबामा दणक्यात जिंकले त्याच दिवशी. आणि ओबामांनी त्याच ऑगस्टमध्ये रिक वॉरेन यांच्या सॅडलबॅक चर्चमध्ये बसून लग्न म्हणजे स्त्री आणि पुरुषाचं असं सांगितलं होतं! ते जाहीरपणे बदलले मे 2012 मध्ये.

मग 26 जून 2015, ओबर्गफेल, पाच विरुद्ध चार, निकाल लिहिला अँथनी केनेडी यांनी, ज्यांना नेमलं होतं रेगननी.

इथून पुढचं राजकारण मला जास्त बघण्यासारखं वाटतं. 2016 मध्ये गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांनी दहातली आठ मतं ट्रम्पना दिली, आणि निवडून आल्या आल्या ट्रम्प टीव्हीवर काय म्हणाले, की समलिंगी लग्नाचा विषय कोर्टात संपलाय आणि मला काही अडचण नाही. कोणी मत परत मागितलं का? नाही. कारण सौदा न्यायाधीशांचा होता, गर्भपाताचा होता, आणि तो ट्रम्पनी पाळला, 2022 मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेणारा डॉब्स निकाल आला. लग्नावर मात्र पार्टी हळूहळू सरकत गेली, 2016 च्या जाहीरनाम्यात लग्न एक पुरुष आणि एक स्त्रीचं असं स्पष्ट होतं, 2024 मध्ये ते वाक्य काढून 'लग्नाचं पावित्र्य' एवढं गुळमुळीत ठेवलं. ज्यांनी एवढी मतं दिली त्यांना साधं विचारलंसुद्धा नाही. डॅलसचा ठराव मी ह्या नजरेने वाचते, त्यात कोर्टाला उद्देशून जेवढं आहे तेवढंच पार्टीला ऐकू जावं म्हणून आहे.

आणि आकडे एकाच दिशेला चाललेत असंही समजू नका. देशभरात पाठिंबा 2025 मध्ये 68 टक्के आहे पण रिपब्लिकनांमध्ये 2021 ला जो 55 पर्यंत गेला होता तो 2025 मध्ये 41 वर आलाय. ट्रान्स विषयावरचं वातावरण तापलं त्याची झळ लग्नालाही लागली असं माझं मत आहे, सिद्ध करून दाखवता येणार नाही.

प्रश्न: तुम्ही प्रत्येक वेळी 'गोरे इव्हँजेलिकल' का लिहिता? काळे लोक चर्चला जात नाहीत का?

उत्तर: जातात, आणि जास्त जातात. बायबलवरचा विश्वास तोच, नवा जन्म तोच, समलिंगी लग्नाबद्दल अनेक काळ्या चर्चमधली शिकवणही तीच, पण मतं डेमोक्रॅटिक पार्टीला. 2012 मध्ये ओबामांनी भूमिका बदलली तेव्हा बरेच काळे पाळक चिडले, त्याच महिन्यात एनएएसीपी ह्या त्यांच्या जुन्या नागरी हक्क संघटनेने लग्नाच्या बाजूने ठराव केला, आणि नोव्हेंबरमध्ये काळ्या मतदारांनी ओबामांनाच भरभरून मतं दिली. धर्मामुळेच कोण कुणाला मत देतो असं मानणाऱ्यांनी इथे थोडं थांबून बघावं. सर्व्हेवाले म्हणूनच 'गोरे' वेगळे मोजतात, मी पण तेच करते.

प्रश्न: केकवाल्याच्या केसमध्ये तुम्ही त्याची बाजू घेतली होती मागे एकदा. दुकानदार गिऱ्हाईक बघून नाही म्हणायला लागले तर उद्या कुणालाही नाही म्हणतील. हा सरळ भेदभाव आहे, त्याला धर्मस्वातंत्र्याचं गोंडस नाव कशाला?

उत्तर: बाजू घेतली नव्हती हो, त्याची भीती कुठून येते ते सांगितलं होतं, आता परत सांगते.

कोलोरॅडोचा जॅक फिलिप्स, 2012 मध्ये दोन पुरुषांच्या लग्नाचा केक करायला नाही म्हणाला. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टात तो सात विरुद्ध दोनने जिंकला पण कशावर, तर राज्याच्या आयोगाने त्याच्या धर्माबद्दल तुच्छतेने बोलून केस चालवली ह्यावर. दुकानदाराला नकाराचा हक्क आहे की नाही हे कोर्टाने सांगितलंच नाही. 2023 मध्ये त्याच राज्यातली एक वेब डिझायनर सहा विरुद्ध तीनने जिंकली, तिथे कोर्ट म्हणालं की वेबसाईट म्हणजे तिचं स्वतःचं बोलणं आहे आणि सरकार कुणाला मनाविरुद्ध बोलायला लावू शकत नाही. तिने तोपर्यंत लग्नाची एकही वेबसाईट केलेली नव्हती, आधीच कोर्टात गेली. मला विचाराल तर दुकान उघडलं की दार सगळ्यांना उघडं, तयार केक विकायला नाही म्हणता कामा नये. पण माझ्याकडून एखादा मजकूर जबरदस्तीने लिहून घ्यावा हेही मला चालणार नाही. मधली रेघ कुठे, फोटोग्राफर कुठे बसतो, फुलवाली कुठे बसते, ह्यावर वकिलांची घरं चालतील अजून वीस वर्षं.

भीतीचं म्हणाल तर 1983 ची एक केस आहे. बॉब जोन्स युनिव्हर्सिटी, साऊथ कॅरोलायनातलं कट्टर ख्रिश्चन कॉलेज, तिथे काळ्या-गोऱ्यांनी एकमेकांबरोबर फिरायचं नाही असा नियम होता आणि तोही बायबलचं नाव सांगून, तर त्यांची टॅक्समाफी गेली आणि सुप्रीम कोर्टाने ते योग्य ठरवलं. एप्रिल 2015 मध्ये ओबर्गफेलच्या सुनावणीत न्यायमूर्ती अलिटो यांनी सरकारी वकिलाला विचारलं की हेच समलिंगी लग्न न मानणाऱ्या कॉलेजांचं होईल का, आणि सरकारी वकील म्हणाले, तो मुद्दा येईल खरा. झालं! देशभरातल्या ख्रिश्चन कॉलेजांच्या ट्रस्टींची झोप उडाली. त्यानंतर बऱ्याच इव्हँजेलिकल संस्थांचा सूर "हे लग्न होऊ देणार नाही" वरून "निदान आम्हाला सोडा" वर आला, म्हणजे मी वर म्हटलेले ते दोन प्रश्न त्यांनी स्वतःच वेगळे करायला सुरुवात केली. डिसेंबर 2022 च्या रिस्पेक्ट फॉर मॅरेज ॲक्टमध्ये हीच देवाणघेवाण आहे, लग्नांना केंद्राचं संरक्षण आणि धार्मिक संस्थांना आपल्या मनाविरुद्धच्या लग्नासाठी हॉल वगैरे द्यायची सक्ती नाही, टॅक्समाफीला धक्का नाही. सेनेटमध्ये बारा रिपब्लिकनांनी त्याला मत दिलं. मॉर्मन चर्चनेही पाठिंबा दिला. सदर्न बॅप्टिस्टांना मात्र ते पटलं नाही.

केंटकीच्या किम डेव्हिसला मात्र ह्या सगळ्यात घालू नका, अनेक पत्रांत तिचं नाव आलंय. ती दुकानदार नव्हती, काउंटीची सरकारी क्लार्क होती, 2015 मध्ये लायसन्स द्यायचं नाकारलं म्हणून काही दिवस तुरुंगात गेली. सरकारी खुर्चीत बसून सरकारी काम धर्माच्या नावाने अडवायचं ह्याला माझी सहानुभूती शून्य, आणि हे मानणारे इव्हँजेलिकल वकीलही आहेत.

प्रश्न: आम्ही डॅलसजवळ राहतो. मुलगा सतरा वर्षांचा, मित्रांबरोबर एका मोठ्या चर्चच्या युथ ग्रुपला जातो. आम्ही हिंदू, पण तिथे म्युझिक चांगलं असतं, मुलं चांगली आहेत म्हणून आम्ही कधी अडवलं नाही. मागच्या महिन्यात त्याने मला सांगितलं की तो गे आहे. त्याच्या बाबांना अजून माहीत नाही. मला भीती वाटतेय की तिथे कळलं तर त्याला 'बरा' करायला बघतील. जाऊन पास्टरशी बोलू का?

उत्तर: ताई, मुलाचं नाव घेऊन आत्ता पास्टरकडे जाऊ नका. त्याने तुम्हाला सांगितलंय, पास्टरला सांगितलेलं नाही, तुम्ही गेलात की ते त्याच्या वतीने तुम्हीच जाहीर केल्यासारखं होईल आणि तो तुमच्याशीसुद्धा बोलायचा बंद होईल. बाबांच्या बाबतीतही तेच, कधी सांगायचं ते त्याला ठरवू द्या. आधी त्यालाच विचारा की तिथे ह्या विषयावर काय बोलतात, तुला कसं वाटतं. बहुधा त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल.

'बरं' करण्याबद्दल. एक्झोडस इंटरनॅशनल म्हणून 1976 पासूनची मोठी संस्था होती, प्रार्थनेने आणि समुपदेशनाने समलिंगी आकर्षण बदलतं असं सांगणारी. तिचे अध्यक्ष ॲलन चेंबर्स यांनीच नंतर कबूल केलं की मला भेटलेल्या बहुतेक सगळ्यांचं आकर्षण बदललेलं नाही, आणि जून 2013 मध्ये लोकांची माफी मागून संस्था बंद केली. त्यानंतर मोठी चर्चेस 'बदलू' असं सहसा उघड म्हणत नाहीत, ती ब्रह्मचर्याचं सांगतात. पण सगळं थांबलं असं नाही. 2012 मध्ये कॅलिफोर्नियाने अठराखालच्या मुलांवर असले उपचार करायला बंदी घातली, मागोमाग बऱ्याच राज्यांनी घातली, टेक्सासमध्ये राज्यभराची अशी बंदी नाही, आणि जिथे घातली तिथेही ती लायसन्सवाल्या थेरपिस्टपुरतीच होती, पाळकाला किंवा युथ लीडरला नाही. तेव्हा "आमच्याकडे एक ख्रिश्चन काउन्सेलर आहेत, त्याला पाठवा" असं कोणी म्हणालं तर तो लायसन्सवाला आहे का आणि नेमकं काय करणार हे विचारल्याशिवाय पाठवू नका. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने 2009 मध्येच सगळे अभ्यास तपासून सांगितलंय की आकर्षण बदलतं ह्याला पुरेसा पुरावा नाही आणि नुकसान होण्याची शक्यता आहे.

चर्चचं धोरण कळून घ्यायचं असेल तर नाव न सांगता, एक पालक म्हणून सर्वसाधारण विचारा. "सगळ्यांचं स्वागत" ह्या पाटीवर जाऊ नका, ती सगळीकडे असते. विचारायचं असं की गे मुलगा इथे बाप्तिस्मा घेऊ शकतो का, मेंबर होऊ शकतो का, बँडमध्ये वाजवू शकतो का, छोट्या मुलांचा वर्ग घेऊ शकतो का, आणि उद्या त्याने लग्न केलं तर ह्यातलं काय काय काढून घेणार. अनेक चर्चमध्ये पहिल्याला हो आणि बँडला नाही असतं, आणि मुलाला ते कळतं दोन-तीन वर्षांनी, सगळे मित्र तिथलेच झाल्यावर. चर्च क्लॅरिटी नावाची एक संस्था 2017 पासून चर्चेस हे उघड सांगतात की लपवतात ह्याची नोंद ठेवते, तिथे तुमचं चर्च आहे का बघा. आणि ट्रेव्हर प्रोजेक्टची हेल्पलाईन चोवीस तास असते, अशा मुलांसाठीच, तो नंबर त्याच्या फोनमध्ये असू द्या. चर्च लगेच सोड म्हणून मागे लागू नका, त्याला तिथे देव भेटत असेल किंवा नुसते मित्र, दोन्ही एका दिवसात तोडायला सांगणं जड जातं. पण तो उदास दिसायला लागला, जेवणं झोपणं बिघडलं, तर मग वाट बघू नका.

प्रश्न: आम्ही दोघी. लग्न कॅलिफोर्नियात झालं, नोकरीमुळे ऑस्टिनला आलो, एक मुलगी आहे. डॅलसचा ठराव वाचून खरंच विचारतेय, उद्या ओबर्गफेल उलटला तर आमचं लग्न रद्द होईल का?

उत्तर: ठरावाने काही होत नाही, तो कोर्टाला बांधील नाही. त्याच किम डेव्हिसने ओबर्गफेलवर पुन्हा विचार करा म्हणून अर्ज केला होता, नोव्हेंबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो ऐकायलाच घेतला नाही. धोका शून्य आहे असंही म्हणणार नाही, डॉब्सच्या वेळी न्यायमूर्ती थॉमस यांनी ओबर्गफेलकडेही बघायला हवं असं लिहिलं होतं, जरी मुख्य निकालात हा फक्त गर्भपाताचा विषय आहे असं होतं. आणि टेक्सासच्या घटनेत 2005 ची लग्नबंदी अजून शब्दशः तशीच आहे, कॅलिफोर्निया, कोलोरॅडो आणि हवाईने 2024 मध्ये मतदान घेऊन आपापल्या घटना साफ केल्या तसं तिथे कोणी केलेलं नाही.

समजा उलटला, तर 2022 चा कायदा तुमच्यासाठीच आहे. टेक्सास नवीन लायसन्स देणं थांबवू शकेल, पण कॅलिफोर्नियात झालेलं लग्न त्यांना मानावं लागेल आणि केंद्र सरकारलाही, म्हणजे टॅक्स, सोशल सिक्युरिटी, इमिग्रेशन सगळं. मला काळजी लग्नापेक्षा मुलीच्या कागदांची वाटते. जन्मदाखल्यावर दोघींची नावं असली तरी तेवढ्यावर थांबू नका, जिने जन्म दिला नाही तिच्या नावाने कोर्टातून दत्तकाचा आदेश घेऊन ठेवा. स्वतःच्याच मुलीला दत्तक घ्यायचं हे विचित्र वाटतं, रागही येतो, पण एका राज्याच्या कोर्टाचा दत्तक आदेश दुसऱ्या राज्याला मानावाच लागतो, मार्च 2016 मध्ये अलाबामातल्या अशाच एका आईच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ते स्पष्ट केलंय. मृत्युपत्र आणि हॉस्पिटलसाठीची पॉवर ऑफ ॲटर्नी पण त्याच वकिलाकडून करून घ्या, एकाच फेरीत होईल.